काडी द्यायची नाही, असं लिहून देताना

निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षपट्ट्यात गेल्या काही वर्षांत एक वाद मुक्कामालाच आलाय. परदेशी पैदासकाराचं संरक्षित वाण लावावं का, आणि लावलं तर त्याची रॉयल्टी का म्हणून द्यावी? एक बाजू म्हणते, जमीन आमची, पाणी आमचं, औषधं आमची, अवकाळीत रात्र जागून काढणारे आम्ही; मग बाहेरच्याला पैसे कशाचे? दुसरी बाजू म्हणते, थॉमसन या जुन्या बिनबियांच्या वाणाच्या जिवावर युरोपच्या बाजारात आता निभाव लागत नाही. नवं वाण हवं असेल तर ज्यानं ते घडवलं त्याचे पैसे टाका आणि मोकळे व्हा.

मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण अर्धाच. रॉयल्टी द्यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझं भांडण आहे ते रॉयल्टीबरोबर येणाऱ्या कराराशी. संसदेनं शेतकऱ्याला जे हक्क दिले, ते तो एका इंग्रजी मसुद्यावर सही करून परत करतो, आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आंदोलनवाले रॉयल्टीच्या आकड्यावर घसा कोरडा करतात, कंपन्यांचे प्रतिनिधी गोडी आणि कुरकुरीतपणा दाखवतात, आणि खरा मामला मधल्या पानांवर, बारीक अक्षरात पडून राहतो.

आधी कायद्याचं बघू. बोलताना सगळे 'पेटंटेड व्हरायटी' म्हणतात, पण भारतात वेलीवर पेटंट मिळत नाही. १९७०च्या पेटंट कायद्यात २००२ साली घातलेलं कलम ३(जे) वनस्पती, त्यांचे भाग, बियाणं आणि वाण यांना पेटंटमधून वगळतं. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे कलमानं वाढवल्या जाणाऱ्या झाडांना १९३०पासून पेटंट मिळतं. जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर भारताला नव्या वाणांसाठी एकतर पेटंट द्यावं लागणार होतं, नाहीतर स्वतःची वेगळी पण परिणामकारक व्यवस्था उभी करावी लागणार होती. आपण दुसरा रस्ता धरला आणि २००१ मध्ये पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. वेली आणि झाडांच्या वाणाला त्यात जास्तीत जास्त १८ वर्षं संरक्षण मिळतं, इतर पिकांना १५.

या कायद्याच्या नावातच शेतकरी हक्क आहेत, आणि ते शोभेला ठेवलेले नाहीत. कलम ३९ सांगतं की शेतकरी संरक्षित वाणाचं बियाणं राखू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, दुसऱ्याला देऊ शकतो, बदलून घेऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँड लावून विकू शकत नाही. शेतकऱ्यानं स्वतः वाण काढलं तर त्याची नोंदणी पैदासकारासारखीच होते. आणि याच कलमात एक पोटकलम आहे ज्याची गावात कुणाला गंधवार्ता नसते: वाण विकणाऱ्यानं कोणत्या परिस्थितीत ते कसं उतरेल हे शेतकऱ्याला सांगायचं, आणि तसं उतरलं नाही तर शेतकरी या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतो. अहो, इतकं शेतकऱ्याच्या बाजूनं लिहिलेलं कलम आपल्याकडे क्वचितच सापडतं.

आता बागेत काय होतं ते बघू. डॉगरिज या वेलीचे खुंट उन्हाळ्याच्या तोंडाशी लावले जातात आणि श्रावण-भाद्रपदात त्यांवर कलमं बांधली जातात. त्या दिवसांत काडीला, म्हणजे कलमासाठी कापलेल्या फांदीच्या तुकड्याला, मोल असतं. कुणाच्या बागेत घड एकसारखा लांबट येतो, कुणाच्या बागेत केवडा रोग कमी दिसला, याची बातमी आधीच पसरलेली असते. मग भावकीतला, सोयरा, नाहीतर नुसता ओळखीचा माणूस मोटारसायकलवर येतो, खरड छाटणीनंतर पक्व झालेल्या काडीची जुडी ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि जातो. तिचे पैसे कुणी विचारत नाही; विचारले तर समोरच्याला वाईट वाटतं. संध्याकाळपर्यंत कलमवाल्यांच्या टोळीनं ती काडी डोळ्या-डोळ्यानं कापून, पाचर करून, पट्टीनं बांधून टाकलेली असते. महाराष्ट्रातली द्राक्षशेती अशी हातोहात पसरली.

आणि नुसती पसरली नाही, सुधारलीसुद्धा अशीच. थॉमसन सीडलेस हे मुळात बाहेरचं वाण. पण त्याच्या बागेत कधीतरी एखाद्या वेलीची एखादी फांदी वेगळी निघते: मणी जरा लांब, रंग जरा वेगळा, घड जरा सुटा. शास्त्रज्ञ त्याला उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेकांच्या डोळ्यांखालून ती फांदी तशीच जाते, एखाद्याचीच नजर तिच्यावर थांबते. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वेंची थांबली, म्हणून तास-ए-गणेश मिळालं. सोलापूरच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका निवडलं, आणि किशमिश चोर्नी या वेगळ्या वाणातून शरद सीडलेस निवडलं. नाशिकच्या कित्येक बागा या निवडींवर उभ्या राहिल्या. त्या काडीवर ना करार होता, ना रॉयल्टी.

याच गोष्टीवर आमच्याकडे भाबडं कौतुक फार होतं. 'बघा, ज्ञान वाटत गेलं, कुणी मालकी सांगितली नाही.' मला हे कौतुक पुरतं पटत नाही. ज्याच्या नजरेनं हजारो एकरांचं नशीब पालटलं, त्याला त्यातून काही मिळू नये ही काही संस्कृती नव्हे, व्यवस्था नव्हती इतकंच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंचं उदाहरण तर काळजाला लागावं असं आहे. दीडेक एकराच्या धन्यानं निवड करकरून एचएमटी तांदूळ काढला. मनगटावरच्या घड्याळाच्या नावावरून त्याचं नाव पडलं. तो लाखो एकरांत गेला, कृषी विद्यापीठानं त्याच्यावर शुद्धीकरण करून आपल्या नावानं वाण काढलं, आणि २०१८ मध्ये हा माणूस हलाखीत गेला. सत्कार झाले, शाली मिळाल्या. शालीवर दवाखान्याचं बिल भागत नाही. तेव्हा शोध लावणाऱ्याला हक्क असावा, आणि तो पैशात मोजता यावा, हे मी फक्त परदेशी कंपनीसाठी म्हणत नाही. आपल्या माणसांसाठी आधी म्हणतो.

परदेशी पैदासकाराची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. बिनबियांच्या दोन द्राक्षांचा संकर करायचा म्हणजे बी तयारच होत नाही. मण्यात अर्धवट राहिलेला गर्भ काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. अशी हजारो रोपं लावायची, फळावर येईपर्यंत वाट बघायची, त्यातली बहुतेक उपटून टाकायची. एका वाणाला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. आणि एवढं करून जे हाती येतं त्याची नक्कल करायला एक काडी आणि एक चाकू पुरतो. संकरित मक्याच्या बियाण्यात निसर्गच कुलूप घालतो, पुढच्या पिढीत जोम टिकत नाही. द्राक्षात तसं काही नाही. काडी म्हणजे हुबेहूब तीच वेल. त्यामुळे ज्या देशात काडीवर नियंत्रण नाही, तिथे पैदासकार आपलं चांगलं वाण पाठवत नाही. पेरू या देशानं जुनं रेड ग्लोब वाण काढून परवान्यावरची नवी वाणं लावली आणि बघता बघता जगाच्या द्राक्षबाजारात पहिल्या रांगेत जाऊन बसला. आपण तेवढ्या काळात थॉमसनच्या निवडी आणि त्यांच्यावर मणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकाचे फवारे यातच अडकलो. थिनिंगला, म्हणजे मणी विरळ करायला, मजूर मिळत नाहीत, ऐन काढणीत पाऊस आला की मण्यांना तडे जातात, आणि समोर ज्या देशांशी स्पर्धा आहे त्यांच्याकडे कमी मजुरीचं, तडे कमी जाणारं वाण आहे. अशा वेळी 'रॉयल्टी म्हणजे लूट' ही घोषणा टाळ्या मिळवते, बाग वाचवत नाही.

रॉयल्टी दाबून टाकली की काय होतं हे कापसानं दाखवलंय. केंद्र सरकारनं बीटी बियाण्याच्या पाकिटामागची तंत्रज्ञान फी २०१६ मध्ये ४९ रुपयांवर आणली आणि टप्प्याटप्प्यानं २०२० मध्ये शून्यावर. शेतकऱ्याचे पाकिटामागे थोडे पैसे वाचले. पण २०१६ मध्येच हे तंत्रज्ञान आणणाऱ्या मोन्सॅन्टोनं पुढच्या पिढीच्या कापसाचा अर्ज भारतातून मागे घेतला, आणि पुढे तणनाशक सहन करणारं कापूस बियाणं विदर्भात चोरवाटेनं आलं. ना पावती, ना हमी, ना कुणाची जबाबदारी. नाशिककरांना हा वाद नवा नाही. १९८०च्या ऊस-कांदा आंदोलनानं ज्या शरद जोशींना या जिल्ह्यानं डोक्यावर घेतलं, तेच जोशी नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाच्या बाजूनं उभे राहिले होते, आणि त्यांचेच सोबती त्यावर चक्रावले होते. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य हवं, हे त्यांचं म्हणणं मला आजही बरोबर वाटतं. फक्त निवडीचं स्वातंत्र्य सहीच्या क्षणी संपत असेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचं का, हा प्रश्न त्या काळी पुढे आला नव्हता. तो आता आलाय.

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सनं, म्हणजे शेतकऱ्यांच्याच कंपनीनं, 'आरा' मालिकेतली वाणं रीतसर करार करून आणली. अनेकांच्या वतीनं एकानं बोलणी करणं हा एकट्यादुकट्याच्या सहीपेक्षा केव्हाही बरा मार्ग आहे. पुढे ज्या मसुद्याबद्दल लिहितोय तो त्यांचा नाही, दुसऱ्याच एका व्यवहारातला आहे आणि ते नाव इथे गरजेचं नाही.

पिंपळगावच्या अलीकडे माझ्या मामांची बाग आहे. त्यांच्यापुढे आलेला मसुदा मी वाचून दाखवला. रोपं विकत मिळत नाहीत, वापरायला मिळतात, मालकी कंपनीची. काडी कुणाला द्यायची नाही, स्वतःच्याच दुसऱ्या तुकड्यावर लावायची असली तरी लेखी परवानगी. माल ठरलेल्या निर्यातदारालाच द्यायचा. तपासणीला माणूस कधीही बागेत येईल. करार संपला किंवा मोडला तर वेली मुळापासून काढून नष्ट करायच्या, खर्च शेतकऱ्याचा. त्या वेलीपासून पैदास करायची नाही. आणि बागेत काही वेगळी फांदी दिसली तर ती कळवायची. ती आणि तिच्यातून येणारं सगळं कंपनीचं.

मामा तोवर गप्प ऐकत होते. या शेवटच्या कलमावर म्हणाले, "म्हंजे नजर माझी, अन् फांदी त्यांची?"

अशी कलमं एखाद्याच कंपनीनं शोधून काढलेली नाहीत. संरक्षित फळवाणांच्या करारांत ती जगभर सर्रास आढळतात. पण आपल्या कायद्याशेजारी ठेवून वाचली की फट दिसते. कलम ३९ म्हणतं देवाणघेवाण करता येईल. करार म्हणतो नाही. कलम ३० म्हणतं संरक्षित वाण संशोधनासाठी आणि नवं वाण काढायला मूळ म्हणून वापरता येईल. करार म्हणतो हात लावू नका. उत्परिवर्तनाचं तर मुद्दाम नीट सांगतो, कारण तिथे कायदाही पूर्ण शेतकऱ्याच्या बाजूनं नाही. मूळ वाणाच्या अगदी जवळचं, त्याच्यातूनच निघालेलं वाण नोंदवून बाजारात आणायचं तर मूळ पैदासकाराची संमती लागते, असं २००१चा कायदाच म्हणतो. पण संमती घेणं वेगळं आणि मालकी सोडून देणं वेगळं. संमतीत बोलणी असतात, वाटा असतो, निवडणाऱ्याचं नाव राहतं. करारात यातलं काही उरत नाही. आर्वे आणि काळे आज असा करार करून बसले असते तर तास-ए-गणेश आणि सोनाका परदेशातल्या एखाद्या कंपनीच्या यादीत क्रमांकानं नोंदलेले असते.

यावर नेहमीचा सवाल येतो: सही कुणी जबरदस्तीनं घेतली का? सज्ञान माणसानं समजून करार केला, मग तक्रार कसली? युक्तिवाद दिसायला चोख आहे. पण द्राक्षाचं गणित बियाण्यासारखं नाही. सोयाबीनचं वाण नाही आवडलं तर पुढच्या जूनमध्ये दुसरं. द्राक्षाची बाग एकदा उभी केली, मांडव टाकला, ठिबक टाकलं, बँकेचं कर्ज उचललं की दहा-पंधरा वर्षं माणूस त्या वेलीला बांधलेला. तिसऱ्या वर्षी निर्यातदारानं भाव पाडला तर दुसरीकडे माल घालता येत नाही, आणि करार सोडला तर बागेवर जेसीबी. बोलणी करायची ताकद लागवडीच्या आधी असते, आणि त्या वेळी समोरच्यानं मसुदा 'हा असाच आहे, घ्यायचा तर घ्या' म्हणून ठेवलेला असतो. कामगार कायद्यात, भाडे कायद्यात आपण अशी असमान बोलणी ओळखली आणि काही हक्क करारानंसुद्धा सोडता येणार नाहीत असं ठरवलं. शेतकऱ्यालाच तेवढा 'समान पक्ष' का मानायचं?

न्यायालयानं हा प्रश्न सोडवला असता तर बरं झालं असतं. २०१९ मध्ये तशी वेळ आली होती. पेप्सिकोनं आपल्या एफसी-५ बटाट्यावरून गुजरातच्या शेतकऱ्यांवर दावे लावले, चौघांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त नुकसानभरपाईचे. देशभर गदारोळ झाला, कंपनीनं मे महिन्यात दावे मागे घेतले. आपल्याकडे तो विजय म्हणून साजरा झाला. पण दावे मागे घेतले म्हणजे कलम ३९चा अर्थ न्यायालयासमोर तपासलाच गेला नाही. पुढे प्राधिकरणानं डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द केली, दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी जुलै २०२३ मध्ये ते कायम ठेवलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये खंडपीठानं ते फिरवलं. या सगळ्या लढाईचा विषय होता नोंदणी अर्जातल्या त्रुटी. शेतकऱ्यानं करारानं आपला हक्क सोडता येतो का, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

त्याचं मूळ कायद्याच्या शब्दांत आहे. कलम ३९ सुरू होतं ते 'या कायद्यात काहीही म्हटलेलं असलं तरी' अशा अर्थाच्या शब्दांनी. 'किंवा कोणत्याही करारात काहीही लिहिलेलं असलं तरी' असे शब्द तिथे नाहीत. कायद्याला बगल देणारा करार रद्दबातल, असं भारतीय करार कायद्याचं कलम २३ म्हणतं, आणि वकील तिथून भांडू शकेल. पण निफाडच्या माणसानं त्यासाठी दिल्लीपर्यंत वकील पोसायचा का? हे चार-पाच शब्द संसदेनं घालावेत, ही माझी पहिली मागणी आहे. काडी बाजारात विकायची बंदी करारात राहू द्या, मोठ्या प्रमाणावर रोपवाटिका काढायची बंदी राहू द्या, रॉयल्टी तर राहूच द्या. पण स्वतःच्या शेतात पुन्हा लावणं, वेगळ्या फांदीवरचा निवडणाऱ्याचा वाटा आणि अपेक्षेप्रमाणे न उतरलेल्या वाणाची भरपाई, एवढं करारानंही काढून घेता येऊ नये.

एक गोष्ट मात्र आंदोलनवाल्यांनी समजून घ्यावी. कलम ३९चा हक्क न्हावा शेवाला जहाजात चढत नाही. ज्या वाणाला युरोपात संरक्षण आहे (आणि तिथे वेलीला ते ३० वर्षं मिळतं) त्याचा परवाना नसलेला माल युरोपच्या बंदरात अडवला जाऊ शकतो, आणि पानाच्या तुकड्यावरून वाण ओळखणं आता अवघड राहिलेलं नाही. त्यामुळे चोरून आणलेली काडी मुंबई, कोलकात्याच्या बाजारासाठी चालून जाईल, निर्यातीला ती गळ्यातला फास आहे. कायदा बदलला तरी हे बदलणार नाही. शिवाय नावाचं प्रकरण वेगळंच. वाणाचं संरक्षण कधीतरी संपतं, ट्रेडमार्क नूतनीकरण करत राहिलं की संपत नाही. 'पिंक लेडी' सफरचंदाचं वाण 'क्रिप्स पिंक'. वाण मोकळं झालं तरी 'पिंक लेडी' या नावानं विकायला परवाना लागतोच. द्राक्षात तेच होणार. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन आहे, पण ते कागदावर. ग्राहक त्या नावासाठी जास्तीचा एक रुपया मोजत नाही तोवर त्याचा उपयोग भाषणापुरता.

उलट दिशेचा दबावही आहे. मुक्त व्यापाराच्या वाटाघाटींत श्रीमंत देश भारतानं युपोव्हच्या, म्हणजे वाण-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, १९९१च्या करारात यावं असा आग्रह धरत आलेत. त्या करारात शेतकऱ्याची सवलत फार तर स्वतःच्या शेतापुरती उरते, तीही सरकारनं ठेवली तर. शेजाऱ्याला देणं बसत नाही. भारतानं आजवर त्याला दाद दिली नाही, आणि देऊही नये. पण दिल्लीत एका दारानं युपोव्ह अडवायचा आणि निफाडमध्ये करार नावाच्या दुसऱ्या दारानं त्याहून कडक अटी आत येऊ द्यायच्या, याला काय अर्थ आहे?

हे सगळं झालं संरक्षणाचं. त्यानं नवं वाण येत नाही. त्यासाठी आपली पैदास हवी, आणि इथे कॅलिफोर्नियाकडून शिकण्यासारखं आहे. तिथल्या टेबल ग्रेप कमिशनची स्थापना १९६७ साली राज्याच्या कायद्यानं झाली, आणि ते चालतं शेतकऱ्यांच्या प्रत्येक पेटीमागे कापलेल्या पैशावर. त्या पैशातून त्यांनी अमेरिकी कृषी खात्याच्या द्राक्ष पैदाशीला मदत केली आणि स्कार्लेट रॉयल, ऑटम किंग यांसारख्या वाणांचे हक्क परवान्यानं स्वतःकडे घेतले. रॉयल्टी तिथेही आहे, पण ती शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे येते. गंमत अशी की काडी तिथेही फुटली. कृषी खात्याच्या एका कर्मचाऱ्यानं वाण जाहीर होण्याआधीच काही बागायतदारांना काड्या दिल्या होत्या, आणि त्यावरून पेटंट रद्द करा म्हणून खटला झाला. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं पेटंट कायम ठेवलं. म्हणजे काडी मागणारा फक्त आमच्याच गावाकडचा नसतो.

आपल्याकडे पाया आहे. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, पुण्याची आघारकर संशोधन संस्था आहे, द्राक्ष बागायतदार संघ आहे. मांजरी मेडिका रसासाठी, मांजरी किशमिश बेदाण्यासाठी आली. निर्यातीच्या खाण्याच्या द्राक्षात मात्र सरकारी वाणानं नाशिकच्या बागेत घर केलेलं दिसत नाही, आणि त्याचं कारण शास्त्रज्ञांची कुवत नाही. हजारो रोपं पंधरा वर्षं सांभाळायची तर पैसा दर वर्षी ठरलेला यावा लागतो, तीन वर्षांच्या प्रकल्पावर ते होत नाही. निर्यातीच्या पेटीमागे थोडी रक्कम कापून तो पैसा पैदाशीला आणि शेतकऱ्यांनी निवडलेल्या फांद्यांच्या चाचणीला द्यावा. वाण निघालं की ते बागायतदारांच्या संस्थेच्या नावावर नोंदवावं, सभासदाला नाममात्र रॉयल्टी, बाहेरच्याला पूर्ण. परदेशातल्या बागायतदारानंही नाशिकला रॉयल्टी भरावी, याची मला अजिबात लाज वाटणार नाही.

'पेटीमागे कापलेला पैसा जाईल कुठे हे ठाऊक आहे', असं कुणीतरी म्हणणारच. सहकारात पोळलेल्या जिल्ह्यात ही शंका रास्त आहे. म्हणून निधी सरकारी खात्यात नको, कुणा पुढाऱ्याच्या संस्थेतही नको. पेटी भरणाऱ्यानंच मत द्यावं, हिशेब दर हंगामाला छापावा, आणि ठरावीक वर्षांनी मतदान घेऊन निधी चालू ठेवायचा की बंद करायचा ते बागायतदारांनीच ठरवावं.

हे व्हायला वेळ लागेल. कलमं मात्र दर श्रावणात बांधली जातात. ज्यांच्यापुढे मसुदे आलेत त्यांनी तोवर एवढं करावं: वाण पावसात कसं उतरेल, किती टन येईल, हे विकणाऱ्याकडून लेखी आणि मराठीत घ्यावं, कारण भरपाईचा अर्ज त्या कागदावरच टिकेल. आणि मसुदा एकट्यानं वकिलाकडे नेण्याआधी गावातल्या दहाजणांनी एकमेकांचे मसुदे शेजारी ठेवून वाचावेत. त्यात गोपनीयतेचं कलम असतं खरं, पण वेगळा कागद आधीच लिहून दिला नसेल तर सही होईपर्यंत ते कुणाला बांधत नाही.